बिल काढण्याआधी एक बादली पाणी ओता

प्रति,
खान्देशातल्या सर्व नगरपंचायती, नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या बांधकाम विभागांतली अभियंता मंडळी

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी पेव्हर ब्लॉक बनवतो, आमच्याकडे ज्याला गट्टू म्हणतात ते. बावीस वर्षं झाली. एक पत्र्याची शेड, एक व्हायब्रेटर टेबल, रबरी साच्यांच्या थप्प्या आणि नऊ माणसं, एवढाच पसारा. तुमच्यापैकी कित्येकांच्या एमबीत (मोजमाप वहीत) माझा माल चढलेला आहे, पण ठेकेदाराच्या नावानं, त्यामुळे आपली ओळख नाही. एका अर्थी बरंच आहे. ओळखीच्या माणसाला असं पत्र लिहायला माझा हात धजला नसता.

मागे एका कॉलनीच्या ओपन स्पेसला माझे ब्लॉक गेले. गाव सांगत नाही, ते कुणाचंही असू शकतं. तिथं आधी मुरमाचं मैदान होतं, कडेला तीन कडुलिंब. पाऊस झाला की डबकं साचायचं, पोरांचं क्रिकेट दोन दिवस बंद, तिसऱ्या दिवशी डबकं गायब. मग निधी आला. मैदान या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गट्टूनं झाकलं, कडुलिंबांच्या बुंध्यांनाही सिमेंटचं कडं आवळलं. उद्घाटन झालं, फोटो निघाले, माझे पैसेही वेळेवर आले. (हे मुद्दाम सांगतो, कारण असं क्वचित घडतं.) जुलैत एका रात्री जोराचा पाऊस झाला आणि उताराकडच्या शेवटच्या घरात पाणी शिरलं. मी तिथं गेलो होतो खचलेला एक कोपरा बघायला. त्या घरातल्या आजींनी भांडण केलं नाही. मला आत नेऊन ज्वारीची कोठी दाखवली. तळापासून वीतभर उंचीवर ओलीची रेघ होती आणि तिच्याखालचे दाणे हाताला चिकट लागत होते. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आते पानी घरमा येस."

घरी येऊन मी हिशोब मांडला. हजार चौरस मीटरचं मैदान धरा. त्यावर ४० मिलिमीटर पाऊस पडला तर ते ४० हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजारी चार टँकर. मुरमाच्या मैदानानं त्यातलं बरंच पोटात घेतलं असतं. काँक्रीटसारख्या पृष्ठभागावरून दहातले नऊ लिटर वाहून जातात. ते जाणार कुठं? उताराला. उताराला कोण राहतं? आजी.

आता तुम्ही म्हणाल, गट्टूला सांधे असतात, पाणी खाली जातंच की. माझाही अनेक वर्षं हाच समज होता, आणि गिऱ्हाइकाला मी हेच सांगत आलो. ब्लॉक पाणी पीत नाही, पिऊही नये. आयएस १५६५८ या भारतीय मानकाप्रमाणे चांगल्या ब्लॉकनं सरासरी ६ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषता कामा नये. राहता राहिले सांधे, आणि ते आपण भरतो क्रशरच्या डस्टनं, म्हणजे खडी फोडताना पडणाऱ्या दगडाच्या भुकटीनं. खाली काय असतं? रोलर फिरवून दगडासारखी केलेली माती, तिच्यावर मुरूम, त्यावर पुन्हा रोलर, आणि वर दोन इंच डस्ट. ही डस्ट एकदा भिजून बसली की तिची भाकरी होते. बसवलेला गट्टू उचकटून बघा. खालचा थर पापडासारखा अख्खा निघतो, बोटानं फुटत नाही. त्यातून पाणी झिरपेल अशी अपेक्षा करणं म्हणजे तव्यातून दूध गाळण्यासारखं आहे.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. गट्टू तुम्ही बसवणारच आहात, बसवा. पण त्याच्या खालचं आणि सांध्यांतलं सामान बदला. डस्ट काढा, खडी घाला.

पाणी जिरवणारा गट्टू जगात अनेक वर्षं बसतोय, त्याची रीत ठरलेली आहे. ८० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक. दोन ब्लॉकमध्ये ६ ते १० मिलिमीटरचा सांधा, आणि त्यात २ ते ५ मिलिमीटरची स्वच्छ चिप, म्हणजे बारीक खडी. ब्लॉकखाली दोन इंच तशीच बारीक चिप, तिच्याखाली चार इंच २० एमएम खडी, आणि सगळ्यात खाली ४०-६० एमएमची मोठी खडी, जरुरीप्रमाणे आठ इंच, बारा इंच, जास्तही. खडी एका मापाची हवी, मिसळीची नको. मिसळीच्या खडीत बारीक तुकडे मोठ्यांच्या मधल्या जागा भरून टाकतात, आणि आपल्याला तर ती रिकामी जागाच हवी आहे. एका मापाच्या धुतलेल्या खडीत ३५ ते ४० टक्के जागा मोकळी असते. हीच तुमची टाकी. रस्ता वर, टाकी खाली, आणि टाकीवर गाडी उभी.

खडी फोडलेलीच पाहिजे, नदीतली गोटी चालणार नाही. धारदार कडा एकमेकींत अडकल्या तरच वरचं वजन पेलतं. सुदैवानं काळ्या पाषाणाला आपल्याकडे तोटा नाही.

हे सगळं मी कागदावर वाचून नाही सांगत. पहिल्यांदा शेडच्या दारात वीस बाय पंधरा फूट जागेत प्रयोग केला आणि तो साफ फसला. मी शहाणपणा असा केला की सांधा रुंद ठेवला, खडीही घातली, पण ती क्रशरवरून आली तशीच टाकली. दोन पावसांत तिच्या अंगावरची पूड धुऊन खाली बसली आणि खड्ड्याच्या तळाला चिखलाची साय धरली. तिसऱ्या पावसात पाणी वर. सगळं उखडलं. दुसऱ्या वेळी खडी धुऊन घेतली. ट्रॅक्टरवाला हसून गेला, "शेठ, खडी धुताय? डाळ-तांदूळ आहे का?" पण त्या वर्षी मृगाच्या पहिल्या दणक्यात बाहेरचा रस्ता नाल्यासारखा वाहत होता आणि माझ्या दारातल्या तीनशे चौरस फुटांवर चप्पल ओली होण्याएवढंही पाणी नव्हतं. माझ्याकडचा सगळ्यात जुना कामगार पायानं गट्टू ठोकत विचारत होता, "शेठ, पानी कथा गयं?" म्हणजे पाणी गेलं कुठं?

आता तुमच्या कामाचा आकडा. कॉलनीतला नऊ मीटरचा रस्ता घ्या. मधे सहा मीटर नेहमीचं डांबर किंवा काँक्रीट ठेवा, आणि दोन्ही कडांना दीड-दीड मीटर पट्टा असा गट्टूचा करा, जिथं तशाही मोटारसायकली उभ्या राहतात. पट्ट्याखाली ३०० मिलिमीटर खडी, मोकळी जागा ३५ टक्के धरली तर रस्त्याच्या प्रत्येक धावत्या मीटरला ३१५ लिटर पाणी मावतं. नऊ मीटर रुंदीवर पडणाऱ्या ३५ मिलिमीटर पावसाचं पाणी बरोबर एवढंच होतं. महसूल खात्याच्या हिशोबात २४ तासांत ६५ मिलिमीटर म्हणजे अतिवृष्टी. म्हणजे अतिवृष्टीचं सगळं पाणी एकदम कोसळलं तरी निम्म्याहून थोडं जास्त तुमच्या रस्त्याच्या पोटात राहील, उरलेलं गटारीकडे जाईल. जळगावकडे वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, धुळ्याकडे त्याहून कमी. कोकणाचं पाणी आपल्याला पेलायचं नाही. आपलं दुखणं हे की वर्षाचा बराच पाऊस मोजक्या सरींत येतो आणि त्या सरी तासा-दोन तासांत गटारी तुंबवून जातात. तेवढा तास-दोन तास पाणी थोपवलं तरी आजींची कोठी कोरडी राहते.

थोपवणं आणि जिरवणं या दोन गोष्टी मी मुद्दाम वेगळ्या बोलतोय, कारण खान्देशात सगळीकडे पाणी जिरणार नाही. कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिला पाऊस गटागटा पिते, पण एकदा फुगली की भेगा मिटतात आणि तोंड बंद. भिजलेल्या चिकण मातीत पाणी तासाला १ ते ५ मिलिमीटर उतरतं. टाकीत मावलेलं १०५ मिलिमीटर पाणी (३०० मिलिमीटर खडीतली ३५ टक्के मोकळी जागा) तासाला २ मिलिमीटरनं उतरायचं म्हटलं तर दोन दिवसांवर जातं, आणि तोवर दुसरी सर आली तर टाकी भरलेलीच. शिवाय काळी माती फुगताना रस्ता उचलते आणि आटताना खाली ओढते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा काळ्या मातीत वरची माती काढून मुरमाची गादी द्या, तळाला प्लास्टिकचं अस्तर घाला, खडीत छिद्रांचा पाइप टाका आणि त्याचं तोंड गटारीत असं बारीक ठेवा की पाणी दोन दिवसांत हळूहळू निघून जाईल. जिरवण नाही झाली तरी थोपवण होते. तापीकाठच्या पिवळ्या मातीत, किंवा सातपुड्याच्या पायथ्याला यावल-रावेर-चोपड्याकडे जिथं खाली गोटे-वाळूचा थर आहे, तिथं मात्र अस्तर घातलंत तर पाप लागेल. केळीवाल्यांच्या बोअर दरवर्षी खोल चालल्यात, तिथलं पाणी जाऊ द्या खाली. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून जे केलं ते आधी खालची जमीन वाचून केलं. गावातल्या रस्त्यालाही तोच नियम.

जमीन वाचायला यंत्र लागत नाही. अंदाजपत्रक करायच्या आधी जागेवर गुडघाभर खड्डा खणा, आदल्या दिवशी पाण्यानं भरून जिरू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि खुणा केलेली काठी उभी करून तासागणिक पाणी किती उतरलं ते लिहा. एका जेईला (कनिष्ठ अभियंत्याला), एका मजुराला दीड दिवसाचं काम. चाळीस वर्षांपूर्वी विहिरीची जागा बघणारा पाणाड्या नारळ हातावर उभा करायचा, त्यापेक्षा हे नक्कीच भरवशाचं.

आणि सांडवा ठेवा. पांझरा नदीवरच्या जुन्या फड सिंचन पद्धतीत बंधारा आणि कालवा होता, चारी आणि सारंग (शेतांपर्यंत पाणी नेणारे पाट) होते, आणि सगळ्यांच्या जोडीला सांडम होता, जादा झालेलं पाणी परत नदीत सोडणारा. तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या आपल्या माणसांना कळत होतं की पाणी अडवणाऱ्यानं आधी त्याला जायला वाट ठेवायची असते. गट्टूखालची टाकी भरली की पाण्याला गटारीकडे जायची वाट हवी, नाहीतर ते वर येऊन ब्लॉकच उचलेल.

कुठं बसवू नका तेही सांगतो, गिऱ्हाईक कमी झालं तरी. आठवडे बाजारात नको, भाजीचा पाला आणि तेल सांधे बुजवतात. बाजार समितीच्या आवारात आणि जिनिंगच्या रस्त्याला अजिबात नको. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांना शेतातली काळी माती येते आणि एका महिन्यात सगळा पैसा चिखलात. गॅरेज आणि पेट्रोल पंपाजवळ नको, तिथलं तेलकट पाणी जमिनीत का सोडायचं? विहिरीला, बोअरला चिकटून नको. घराच्या जोत्यापासून दहा फूट लांब. जड गाड्यांच्या रस्त्याला नको. जिथं उतार जास्त आहे तिथं खडीच्या थरात आडवे बांध घालावे लागतात, नाहीतर सगळं पाणी आतून खालच्या टोकाला पळतं. आता राहिलं काय? शाळांची मैदानं, सरकारी कचेऱ्यांचं पार्किंग, देवळांची पटांगणं, फुटपाथ, कॉलनीतल्या रस्त्यांच्या कडा. भरपूर राहिलं.

छिद्रं ठेवलेलं काँक्रीट आणि छिद्रं ठेवलेलं डांबर हेही प्रकार आहेत. आपल्याकडे मी त्यांच्या वाटेला जाणार नाही. तसल्या काँक्रीटमध्ये पाणी इतकं मोजकं असतं की टाकल्या टाकल्या प्लास्टिकनं झाकलं नाही तर मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत ते कच्चंच सुकतं आणि वर्षभरात खडी सुटायला लागते. डांबराचं उन्हात काय होतं ते आपल्या चपला सांगतात. गट्टू बसवणारे कारागीर मात्र गावोगाव आहेत, आणि बिघडलं तर तेवढाच तुकडा उचलता येतो.

हे केलं की पूर थांबेल असं मी म्हणणार नाही, आणि कुणी दलाल कॅटलॉग घेऊन तसं म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शिरलं. ते डोंगरावरून आलेलं पाणी होतं, गावभर असे गट्टू असते तरी काही फरक पडला नसता. चीनमध्ये झेंगझोऊ शहरानं पाणी शोषणारं शहर व्हायचं म्हणून अफाट पैसा ओतला होता. २० जुलै २०२१ ला तिथं एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि भुयारी रेल्वेत माणसं बुडाली. नदीच्या पुराला नदीची जागाच सोडावी लागते. माझा गट्टू नेहमीच्या पावसासाठी आहे, जो दर वर्षी येतो, पेपरात येत नाही आणि कुणाची तरी कोठी भिजवून जातो.

आता सगळ्यात अडचणीचा भाग, देखभाल. असले गट्टू मरतात ते सांध्यांत धूळ बसून, आणि खान्देशात धुळीला कमी नाही. बुजतो तो मुख्यतः सांध्याचा वरचा इंचभर. मोठ्या शहरांत व्हॅक्यूमची गाडी फिरवतात. आपल्याकडे ती नसेल तर मे महिन्यात आकडीनं वरची इंचभर चिप उकरून काढायची, नवी भरायची. कंटाळवाणं काम आहे, पण बायका-माणसं दिवसाला बरंच उरकतात, मी करून घेतलंय. झाडूवाल्यांना एक सांगावं लागतं, धूळ सांध्यात ढकलू नका, उचला. शेजारी उघडी माती असेल तर तिचं पाणी गट्टूवर येऊ देऊ नका. आणि एखादा उत्साही ठेकेदार दुरुस्तीच्या नावाखाली वरून डस्ट पसरून जाईल त्याला अडवा. एका ट्रॉलीत सगळं संपतं.

काम झालंय की नाही हे ओळखायची युक्ती अगदी घरगुती आहे. तीस सेंटिमीटर व्यासाची, बूड नसलेली कडी गट्टूवर ठेवायची, खालची फट बुजवायची, आणि आत १८ लिटर पाणी ओतून घड्याळ लावायचं. आधी थोडं पाणी टाकून जागा भिजवून घ्यायची. अमेरिकेत याच मापाची प्रमाणित चाचणी आहे. मी रंगाच्या मोठ्या डब्याचं बूड कापलं आणि फट कणकेनं बुजवली. नव्या कामावर पाणी दोन-चार मिनिटांत गेलं पाहिजे. तासभर लागला तर समजा ताशी अडीचशे मिलिमीटरवर आलंय आणि साफसफाईची वेळ झाली. शेजारच्या नेहमीच्या गट्टूवर मी हीच कडी ठेवली होती. जेवून आलो तरी पाणी तिथंच, वर एक माशी तरंगत होती.

तर मागणी अशी. पुढच्या अंदाजपत्रकात गट्टूच्या बाबीतून "डस्ट" हा शब्द काढा आणि "धुतलेली, एका मापाची खडी" लिहा. खडी झाकायच्या आधी तिची जाडी एमबीत घ्या, फोटोसह, कारण एकदा ब्लॉक बसले की खाली बारा इंच आहेत की चार हे देवालाच ठाऊक, आणि मी या धंद्यात आहे, मला माहीत आहे ठेकेदार कुठं वाचवतो. तळाच्या मातीवर रोलर फिरवू नका. पाच वर्षांची साफसफाई त्याच निविदेत धरा. आणि शेवटचं बिल काढण्याआधी तीन ठिकाणी कडी ठेवून पाणी ओता. ठिकाणं तुम्ही निवडा, ठेकेदारानं नाही.

खर्च जास्त येईल, लपवत नाही. खोदाई दुप्पट, खडी दुप्पट, धुण्याचं पाणी वेगळं (ते साठवून पुन्हा वापरता येतं, मी वापरतो). गटारीचा पाइप एखाद्या मापानं लहान करता आला तर त्यातून काही परत येईल, पण सगळं येईल असं मी म्हणणार नाही. म्हणून सगळीकडे करा असंही म्हणत नाही. या वर्षी एका शाळेचं आवार करा. एकच. दोन पावसाळे कडी ठेवून बघा, मग ठरवा.

१५ सप्टेंबरला अभियंता दिनी तुम्ही विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालता. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागलेल्या त्या तरुण अभियंत्यानं सुरुवातीच्या दिवसांत याच धुळ्याकडे, पांझरेच्या पाण्यावर काम केलं. त्या दिवशी हार घालून झाला की माझ्या शेडवर या. त्या सुमाराला पाऊस असला तर उत्तमच, नसला तर शेडवरची पाण्याची टाकी भरलेली असते. कुदळ, काठी, कापलेला डबा सगळं तयार आहे. कणीक मात्र घरून आणा, आमच्या घरी आता देत नाहीत.

आपला,
तापीकाठचा एक गट्टूवाला